राजाच्या आधी बोलणारा माणूस

आंबागडच्या किल्ल्यावर एकदा भुतांचा सिनेमा निघाला होता आणि त्यातला खुनी राजा आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत राहायचा, असं मी बाहेरच्या कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. हसू दे बिचारा. त्या सिनेमात माझ्या बापाचा आवाज नसता तर मीही हसलेच असते आणि हा लिहिण्याचा खटाटोप केला नसता.

गोंदिया आमच्या भंडाऱ्यातून तुटून वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. आमचं घर तुमसरला. आजोबा मागावर बसून लुगडी विणायचे. बाबांनी माग मोडला आणि बाजारओळीत कापडाचं छोटं दुकान टाकलं. त्या दुकानात मी बसायची. वय लग्नाचं होतं, लग्न होत नव्हतं, आणि ‘काहून नाही जमून राहिलं वो बाई’ असं विचारायला ज्या बाया यायच्या त्यांच्यासमोर मी टॉवेलचे गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायची. वर एकही घेतला नाही तर तोंडावर बोलायची. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या ओळीला ठाऊक होतं. बाबा मात्र गिऱ्हाइकाशी इतकं हळू बोलायचे की माणसाला पुढे वाकून ऐकावं लागायचं. ती त्यांच्या दुसऱ्या कामाची सवय होती.

दुसरं काम म्हणजे नाटकाचा प्रॉम्प्टर. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि मंडईत नाटक नसलं तर तेच पाहुणे नाकं मुरडून परत जातात. नाटकात काम करणारे कोण, तर शाळेतले मास्तर, धानाचे अडते, एखादा एसटीचा कंडक्टर. ऐन धान कापणीच्या दिवसांत पाठांतर करायला कुणाला सवड आहे? म्हणून सगळा खेळ प्रॉम्प्टरच्या भरवशावर. तो विंगेत पुस्तक घेऊन बसतो, नटाच्या जरासं आधी वाक्य सोडतो, नट ते उचलतो आणि गरजतो. या कामात बाबांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता.

आता, पहिल्या चार रांगांना प्रॉम्प्टर ऐकू येतो हे खरं आहे. चांगला स्वच्छ ऐकू येतो. पण तो ऐकायचा नसतो, हे आमच्याकडच्या माणसाला लहानपणीच कळतं. राजा बोलला म्हणजे राजाच बोलला. त्याच्या आधी कुणीतरी तेच कुजबुजलं, ते कानावरून जाऊ द्यायचं. कुणी शिकवत नाही, आपोआप होतं. इतकं अंगवळणी पडतं की पुढे मुद्दाम ऐकू म्हटलं तरी ऐकू येत नाही. मी स्वतः करून पाहिलं आहे. ही सवय ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिनं केला.

आई नाटकाला कधीच गेली नाही. शेजारणी बोलवायच्या तर म्हणायची, “तुमचे नवरे दिसतात तरी. माहा नवरा पडद्यामागं. कायले येऊ? पाहाचं काय आहे त्यात?” हे ती तक्रार म्हणून नाही, साधा हिशोब म्हणून सांगायची. बाबा ऐकून हसायचे.

बाबांचा राजा ठरलेला होता. धानाच्या बाजारात अडत्या, उंचापुरा, मिशा अशा की मुकुटाविनाही राजा वाटावा, आणि आवाज मोंढ्याच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाला पोती मोजणारा दचकेल असा. मी त्यांना काका म्हणायची. काकांनी आयुष्यभर राजेच केले आणि एकाही राजाचं एकही वाक्य पाठ केलं नाही. बाबा विंगेत नसले तर ‘कोण आहे रे तिकडे’ एवढंसुद्धा त्यांना सुचायचं नाही. जिल्हा तुटला तशी आमची नाटक मंडळीही तुटली. नायक, नायिका आणि पेटीवाला गोंदियाकडच्या मंडळीत गेले. आमच्या वाट्याला राजा आणि प्रॉम्प्टर आले.

त्याच सुमारास बाबांचा आवाज बसला. आधी आम्ही सर्दी म्हटलं, मग खर्रा म्हटलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा ते खूप खायचे. फक्त प्रॉम्प्टिंग चालू असताना तोंड रिकामं ठेवायचे. बोलायला गेले की आवाज फाटायचा. कुजबुज मात्र पहिल्यासारखी राहिली होती. शेवटी मी त्यांना ओढत नागपूरला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सरळच सांगितलं की घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल.

बाबांनी विचारलं, “कुजबुजता तरी येईल नं जी?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “श्वास मानेतल्या भोकातून घ्यावा लागेल. तोंडातून काहीच निघणार नाही.”

ऑपरेशनची तारीख ठरली. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. मोहाडीला बस थांबली तेव्हा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “यंदा मंडई उशिरानं आहे का वो?” मी म्हटलं, “बाबा, तुमचं डोकं जागेवर आहे का?” आणि तुमसरपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. आवाज त्यांचा जाणार होता आणि अबोला मी धरला होता. असाच माझा स्वभाव.

सिनेमा आला तो याच मधल्या दिवसांत. काढणारा आमच्याच तालुक्यातला तरुण. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा, नागपूरला राहून थोडंफार शिकून आला होता. तेव्हा गावोगावी सीडी लावून सिनेमे पाहण्याचे दिवस होते आणि भुताच्या सीडीला मरण नाही, असं त्याचं गणित. गोष्ट त्यानंच लिहिली होती. किल्ल्यावरचा एक राजा कैद्यांना विहिरीचं सडकं पाणी पाजून मारतो. असं काहीसं त्या किल्ल्याबद्दल लोक बोलतातच, खरंखोटं किल्ल्याला माहीत. मग राजा भावाला मारतो, प्रधानाला मारतो, शेवटी राणीला. आणि मग मेलेले सगळे विहिरीतून वर येऊन त्याच्या मागे लागतात. राजा कोणत्या घराण्याचा आणि कोणत्या काळातला, ते काही ठरलं नव्हतं. मुकुट नाटकाच्या पेटीतला. पायात काकांच्या रोजच्या चपला, कारण गडावर काटे फार.

पहिल्याच दिवशी गाडी अडली. त्या पोरानं काकांना बजावलं होतं, “सिनेमात प्रॉम्प्टर नसते काकाजी. आपण तुकड्या-तुकड्यानं घेऊ. एकेक वाक्य पाठ करा.” काकांनी दिवसभर उन्हात मुकुट घालून एक वाक्य पाठ केलं आणि कॅमेरा चालू झाला की ते वाक्य कुठं जायचं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट आमच्या दुकानात आले. डोळ्यांत आदल्या दिवसाचं काजळ तसंच. गादीवर बसले, तो एवढा मोठा माणूस, आणि म्हणाले, “दादा, माह्या तोंडातून शब्द निघून नाही राहिला. तो पोट्टा दुसरा राजा पाहून राहिला.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कैची खाली ठेवली.

“पाहू नका माह्याकडे,” मी म्हटलं. “पुढच्या सोमवारी नागपूरले जायचं आहे.”

“आठवडाभर सरकवून देऊ,” बाबा त्या फाटक्या आवाजात म्हणाले.

“गाठ थांबते का आठवडाभर? तिले सांगून ठेवलं का तुमी?”

“डॉक्टर घेणारच आहे नं तो आवाज,” बाबा म्हणाले. “त्याच्या आधी थोडा वापरून घेतो.”

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. काकांना म्हटलं की तुमच्या मुकुटापायी माझा बाप मरेल. समोरचा भांडेवाला बाहेर येऊन उभा राहिला होता. काकांनी मान खाली घातली, उठून जायला लागले, तर बाबांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. आईला कुणी विचारलं नाही. ती घरून चहा घेऊन आली, बाबांच्या कपात साखर ढवळून दिली आणि म्हणाली, “जाऊ दे वो त्यायले. घरी बसून तरी काय करून राहिले?” मला भीती वाटत होती. भीती वाटली की मी ओरडते, हे आईला माहीत होतं.

तर मीही गेले. गरम पाण्याचा थर्मास घेऊन, पहारेकरी म्हणून. चढण बाबांना झेपेना, दर वळणावर बसायचे. काका पुढे जाऊन प्लास्टिकची खुर्ची मांडायचे, बाबा बसले की मुकुटानं वारा घालायचे. गावातल्या बाया भुतं झाल्या होत्या. तोंडाला तांदळाचं पीठ फासलेलं, केस ओले करून मोकळे सोडलेले. घाम आला की त्या पिठाची पेज व्हायची आणि मग सगळ्या भुतांना सावलीत बसवून पंख्यानं वाळवावं लागायचं.

बाबांनी जागा शोधली ती त्यांच्या अनुभवानं. राजाला ऐकू यावं आणि राजानं मान वळवू नये, अशी एकच जागा होती: कॅमेऱ्याच्या तिकाटण्याखाली. तिथं ते रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसले, पुस्तक मांडीवर. आणि काकांचा राजा सुटला तो सुटलाच. कैदी मेले, भाऊ मेला, प्रधान मेला. ‘कट’ म्हणायला तो पोरगा विसरायचा, इतकं छान चाललं होतं. माइक कॅमेऱ्यालाच बसवलेला होता. बाबांच्या डोक्यापासून हातभर वर. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मी तिथंच उभी होते, पाच हातांवर. भुतं होती, प्रधान होता, कॅमेरा धरणारा होता. एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा माणूस बोलतो आहे आणि ते त्या माइकात जातं आहे. प्रॉम्प्टर कुठं ऐकू येतो?

शेवटचा देखावा विहिरीच्या काठावरचा. सगळी भुतं राजाला घेरतात आणि राजा विहिरीत जातो, असं. जायचं नव्हतं, काठावर उभं राहून फक्त बोलायचं होतं, पुढचं कॅमेऱ्याची करामत. पण त्या काठाचे दगड ढिले होते आणि काकांना खोल पाण्याची भीती होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. काठावर चढले आणि त्यांचे पाय लटपटायला लागले. बाबा वाक्य देत होते तरी काकांच्या तोंडून काही निघेना. चेहरा पांढराफटक, पीठ भुतांना लावलं होतं की राजाला, कळेना. मी थर्मास घेऊन पुढे सरकले. तेवढ्यात काय झालं कोण जाणे, काकांनी श्वास घेतला, पाय किंचित मागे घेतला आणि शेवटचं भाषण असं म्हटलं की भुतांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माणूस आपोआप सावरला. शूटिंग संपलं. नंतर काका एका दगडावर बसून किती तरी वेळ बाबांचा हात हातात धरून होते.

ऑपरेशन झालं. आठवडा उशिरा. त्या आठवड्यानं काय बिघडलं किंवा नाही बिघडलं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाबा घरी आले ते मानेला पट्टी आणि मध्ये भोक घेऊन. आईनं भंडाऱ्याहून पितळेची छोटी घंटी आणवली, हाक मारायला म्हणून. ती त्यांनी कधी वाजवली नाही. नवस फेडायला आल्यासारखं वाटते, असं त्यांनी पाटीवर लिहिलं. काही हवं असलं की येऊन आमच्यासमोर उभे राहायचे. आणि उभ्या उभ्या ओठ हलवायचे, सवयीनं, मग ओठ मिटून घ्यायचे. ते मला बघवायचं नाही. मी कापडाची घडी घालत बसायची.

महिन्याभरानं तो सिनेमावाला पोरगा आला. तोंड उतरलेलं, हातात सीडी. नागपूरला एडिटिंगला बसला होता तर तिथला माणूस म्हणाला, अरे, हे कोण बोलतंय मधे मधे?

“मले वाटलं तो मजाक करून राहिला,” पोरगा म्हणाला. “मले काहीच ऐकू येऊन नव्हतं राहिलं. त्यानं बोट ठेवून-ठेवून दाखवलं तवा कळलं. बाबाजी, तुमचा आवाज राजापेक्षा मोठा आला.”

त्यानं आमच्या टीव्हीवर सीडी लावली. आम्ही पाहिलं. राजा कैद्यासमोर उभा, म्हणतो, “पाणी पाजा याला.” मला तेवढंच ऐकू आलं. पोरानं मागे नेऊन परत लावलं, आवाज वाढवला. राजा अजून तोंड मिटून उभा आहे, आणि कुठूनतरी, अगदी कानाजवळून, एक कोरडी कुजबुज: ‘पाणी पाजा याला.’ मग राजाचे डोळे किंचित हलतात. मग राजा बोलतो. एकदा ऐकू आलं आणि मग थांबेना. प्रत्येक खुनाच्या आधी तो आवाज. ‘मान धर.’ ‘आता हास.’ ‘राणीकडे पाहू नको, विहिरीकडे पाह्य.’ माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी लक्षात आलं की घरात बाबांचा आवाज दुसरा कुठंच नाही. लग्नाची कॅसेट नाही, टेप नाही, काही नाही. महिन्याभरात मी तो आवाज विसरायला लागले होते.

पोरगा म्हणाला की हा सगळा आवाज पुसावा लागेल. नागपूरला स्टुडिओ ठरवला आहे, राजाचा आवाज पुन्हा भरून घेऊ.

मी म्हटलं, “हात तर लावून पाह्य.”

पण बाबांनी पाटी ओढून घेतली होती. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मानेवरची पट्टी वरखाली होत होती. त्यांनी लिहिलं आणि पाटी त्या पोराच्या छातीला टेकवली. ‘पुसून टाक. प्रॉम्प्टर ऐकू येऊ नये.’

मी भांडले. म्हटलं, बाबा, तुमचा आवाज आहे तो, परत कुठून आणायचा? त्यांनी पाटी पुसून लिहिलं, ‘लाज आहे.’ मला सांगायला हवं की ते खरंच शरमले होते. आयुष्यभर एकाही प्रेक्षकाला त्यांनी आपली चाहूल लागू दिली नव्हती आणि आता शेवटच्या कामात राजाच्या डोक्यावर बसून बोलले होते. मला ते कळत होतं. तरी मला तो आवाज हवा होता.

स्टुडिओत मी मुद्दाम गेले, कशाला ते मलाच ठाऊक नव्हतं. काका काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन. वाक्य पाठ होईनाच, म्हणून त्या पोरानं हुशारी केली. किल्ल्यावरचा तोच आवाज काकांच्या कानात सोडला. बाबांची कुजबुज ऐकायची आणि बोलायचं, नेहमीसारखं. नवा आवाज भरला की जुना पुसायचा. तोड अशी नामी होती की मी मनातून हरले. काच असल्यामुळे आत काय चाललंय ते मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. काकांनी डोळे मिटले. ओठ उघडले. आणि उघडेच राहिले. मग त्या मिशांवरून पाणी यायला लागलं. त्यांनी हेडफोन काढला, दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, “नाही जमत. दादा बोलून राहिले नं आतमध्ये. मी बोललो का तुमी त्यायले पुसणार. मी नाही बोलत.”

पोरानं विनवलं, मग चिडला, मग दुसऱ्या कुणाचा आवाज घेऊ म्हणाला. काका म्हणाले, “माह्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घातला तर किल्ल्यावर येऊन बसतो का नाही पाह्य भूत बनून.” एवढं लांब वाक्य काकांनी प्रॉम्प्टरशिवाय म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

शेवटी सिनेमा तसाच राहिला. सुरुवातीला फक्त एक पाटी टाकली, की या राजाच्या कानात मेलेला भाऊ बोलतो आणि तोच त्याच्याकडून एकेक खून करवून घेतो. गोष्टीतला भाऊ पहिल्या खुनांपर्यंत जिवंतच असतो, त्याला याची काही कल्पना नव्हती. बाबांनी आठ दिवस काकांना घरात घेतलं नाही. काका यायचे, ओट्यावर बसायचे, आई चहा द्यायची, चहा पिऊन जायचे.

तुमसरच्या टॉकीजमध्ये दुपारचा एक खेळ ठरला. नाटकाची सगळी मंडळी, बाजारातले लोक, गडाखालच्या गावातल्या भुतं झालेल्या बाया पोराबाळांसकट. बाबा यायला तयार नव्हते. आईनं त्यांचा सदरा काढून ठेवला आणि स्वतः मात्र घरीच राहिली. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. अंधार झाला तसं बाबांनी माझं मनगट धरलं. पहिली कुजबुज आली आणि त्यांची बोटं रुतली. ते वाट पाहत होते, की आता हॉल हसेल. कुणीतरी ओरडेल, ‘अबे, प्रॉम्प्टर!’

कुणी हसलं नाही. कुणी मान वळवली नाही. राजा बोलला की टाळ्या पडत होत्या. भुतं आली की बाया आपापली भुतं ओळखून खिदळत होत्या. मध्यंतरात माझ्या पुढचा माणूस बाजूच्याला म्हणाला, “पिक्चर मस्त आहे, पण तो राजाच्या कानात बोलणारा मेलेला भाऊ कुठं आहे बे? पाटी टाकली अन् दाखवलाच नाही.” बाजूचा म्हणाला, “पुढं असल.” भरलेल्या टॉकीजमध्ये भूत पहिल्यापासून बोलत होतं आणि ते एकाला ऐकू आलं नव्हतं. बाबांनी माझं मनगट सोडलं. त्या उजेडात मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते हसत होते, खांदे हलेपर्यंत, बिनआवाजी. बाहेर निघाल्यावर त्यांनी काकांना पाहिलं आणि त्यांच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला.

तुमसरबाहेर सिनेमा बरा चालला असं म्हणतात. नागपूरकडे कुणी कुणी तर सीडी मधेच बंद केली, तो कानातला आवाज सहन होत नाही म्हणून. पोरानं त्यावर पुढे आणखी काही सिनेमे काढले. चांगला आहे पोरगा.

आणि विहिरीचा देखावा. तो मी टॉकीजमध्येही नीट ऐकला नाही, बाबांकडे पाहत होते. घरी आल्यावर एकटीनं लावला. राजा काठावर चढतो, पाय लटपटतात. कुजबुज एक वाक्य देते, पुन्हा तेच देते. मग जरा थांबते. मग पुस्तकात नसलेलं काहीतरी बोलते, आमच्या घरच्या बोलीत: ‘भेऊ नोको. मी आहो नं इथं. पाय मांगं घे. श्वास घे. आता बोल.’

बाबा त्यानंतर दोन पावसाळे होते. मग गेले. काकांनी पुन्हा मुकुट घातला नाही.

बाबा गेल्यावर आई घाबरायला लागली. आयुष्यात कशाला न भ्यालेली बाई, पण दुपारी मी दुकानात गेले की तिला घर खायला उठायचं. कडी वाजली तरी दचकायची. मी म्हटलं, दुकानात येऊन बस. तिथं तिचं मन लागेना. शेजारणीला सोबत ठेवली तर म्हणे, ती फार बोलते. मी वैतागले, बोलले, मग स्वतःचाच राग आला. एक दिवस दुपारी विसरलेली किल्ली न्यायला घरी आले तर टीव्ही चालू. टीव्हीवर राजा भावाचा गळा दाबतो आहे, आणि आई टीव्हीकडे पाठ करून, सूप मांडीवर घेऊन, तांदूळ निवडत बसलेली. आमच्या घरात ती एकच अशी होती जी कधी नाटकाला गेली नव्हती. न ऐकायची सवय तिला लागलीच नव्हती. तिला तो आवाज पहिल्यापासून ऐकू येत होता.

मी म्हटलं, “आई, उलटी काहून बसली? पाह्य तरी.”

“पाहाचं काय आहे त्यात?” ती म्हणाली.

रोज दुपारी लावते, हे मला मग कळलं. मध्ये पुण्याची आमची एक भाचेसून आली होती. तिनं विहिरीचा देखावा पाहिला आणि उशी छातीशी धरून म्हणाली, “बाई गं, किती भयानक आहे हा आवाज! तुम्हाला भीती नाही वाटत, आजी?” आईनं सूप बाजूला ठेवलं. तिच्यासाठी भजी तळायला उठली.

सीडी आता घासली आहे. राजा मध्येच अडकतो, भुतांचे चौकोन होतात. आवाज मात्र अजून शाबूत आहे. दुपारी कधी मी लवकर आले तर दारातच थांबते. आत राजा काठावर चढलेला असतो. आईचा हात सुपात. कुजबुज म्हणते, ‘भेऊ नोको. मी आहो नं इथं.’

तांदळातला खडा बाजूला टाकत आई म्हणते, “हो.”